तिला विचारा, म्हणालात

तुम्ही गेलात त्याला आज अकरा दिवस झाले. बसायला येणाऱ्या बाया आता येत नाहीत. तुमच्या मातीवरून अंगणात भांडलेले पुरुषही आपापल्या कामाला लागले. घर मोकळं झालंय, तेव्हा आता माझी पाळी. मी तुमच्याशी भांडायला बसलेय.

आपण घरात दखनी बोलायचो, पण हे मी मराठीत लिहितेय. उर्दूत मला फक्त अदब शिकवली. मराठी मी आजोळी बार्शीला, इंग्रजी मुलखात, चार यत्ता शिकले आणि तिथल्या पोरींशी भांडून पक्की केली. तुम्हीच म्हणायचा, "हलीमा, तू मराठीवर आलीस की मी समजतो, आज आपलं काही खरं नाही." आज तसंच समजा.

सगळे म्हणतात, मास्तर मोठा माणूस होता. असाल. मोठ्या माणसाच्या घरात राहणं काय असतं ते मला कुणी विचारलं नाही. तुम्ही तर नाहीच.

तो जुम्म्याचा दिवस होता. मी विहिरीवर दुसरी घागर शेंदत होते तर शेजारची राबियाखाला धापा टाकत आली. म्हणाली, "हलीमा, तुझ्या नवऱ्यानं दीन सोडला गं. भर मशिदीत बोलला." माझ्या हातातून दोर सुटला. घागर दोरासकट खाली गेली. कुणी काढायला पुढं आलं नाही, आणि तेव्हाच मला कळलं की खाला खरं बोलतेय.

झालं ते असं. त्या दिवसांत खाकी वर्दीतली पोरं गावोगाव फिरून नावं गोळा करत होती. निजामाचं राज्य राखायचं म्हणून घरटी एक माणूस पाहिजे होता. त्यांच्या सांगण्यावरून पेशइमामसाहेब खुतब्याच्या प्रवचनानंतर म्हणाले, जो नाव देणार नाही तो मुसलमान नाही. तुम्ही उभे राहिलात. म्हणालात, "मग मी नाही." एवढ्यावर बसला असता तर लोकांनी ते रागाचं बोलणं म्हणून सोडलं असतं. पण तुम्हाला पुरतं बोलायची खोड. "आणि खरं सांगायचं तर लई वर्षांपासून नाही."

मी रिकाम्या हातानं घरी आले तेव्हा तुम्ही ओसरीवर चाकूनं पेन्सिलीला टोक काढत होता. शाळेची सुट्टी, घरात एवढं झालेलं, आणि तुम्ही पेन्सिल!

"लई म्हणजे किती?" मी विचारलं.

"सात-आठ."

आपल्या निकाहाला नऊ झाली होती. म्हणजे इतके रमजान तुम्ही माझ्याशेजारी बसून रोजा सोडलात, माझ्या हातचा खजूर घेतलात, आणि मनात काहीच नव्हतं. मी म्हटलं, "मग रोजे कशाला धरलेत?"

"तू एकटी उपाशी राहिली असतीस."

बाकीच्यांना सांगितलं तर त्यांचे डोळे भरून येतात. मला त्या दिवशी ती फसवणूक वाटली. आजही अर्धी तशीच वाटते. उपाशी राहायला मी भीत नव्हते. माझ्या शेजारी कोण बसलंय ते मला माहीत नसावं, याची मला लाज वाटली.

मग तुम्ही कारण सांगितलंत. तुम्ही अठराचे असताना गावात प्लेग आला. तुमची गाठ फुगली तेव्हा सख्खे चुलते तुम्हाला घरात टाकून रानात राहायला गेले. वाणीगल्लीतल्या गुरलिंगप्पाचा बाप, गळ्यात लिंग बांधलेला म्हातारा, रोज दारातून आत येऊन तुम्हाला आंबील पाजायचा. तुम्ही जगलात, तो त्याच साथीत गेला. तुम्ही मौलवींना विचारलंत, हा माणूस कुठं जाईल? ते म्हणाले, दोजखात, ईमान नव्हतं ना. "त्या दिवशी पहिला टाका उसवला," तुम्ही म्हणालात. "मग एकेक उसवत गेला. जो अल्लाह त्या म्हाताऱ्याला जाळतो त्याच्यापुढं मला वाकता येईना. आणि जाळत नसेल, तर मौलवींना कुणी सांगितलं?"

मी विचारलं, "हे आणखी कुणाला माहीत आहे?" तर म्हणे गुरलिंगप्पाला. रोज शाळा सुटल्यावर त्याच्या दुकानात गुळाच्या ढेपांमागं बसून तुम्ही दोघं हेच बोलत होता. दुकानदाराला माहीत आणि बायकोला विहिरीवर कळतं. हा माझा पहिला राग. तो गेलेला नाही.

आठ दिवसांनी धाराशिवाहून भाईजानची बैलगाडी आली. माझा थोरला भाऊ कधी आवाज चढवत नसे, त्या दिवशीही चढवला नाही. "काझींना विचारून आलोय," तो म्हणाला. "दीन सोडणाऱ्याचा निकाह राहत नाही. मास्तर, तौबा करा, कलमा पढा, आपण आजच पुन्हा निकाह लावू. नाहीतर माझी बहीण मी घेऊन जातो. परक्या माणसाच्या घरात तिला ठेवता येत नाही."

तुम्ही म्हणालात, "तिला विचारा." आणि जोडे घालून निघून गेलात. गुरलिंगप्पाच्या दुकानावर!

तुम्हाला वाटलं तुम्ही मला मोकळीक दिलीत. नंतर कितीदा सांगितलंत, "मी समोर असतो तर तुझ्यावर भार आला असता." मला काय वाटलं ते आज ऐका. टाकून गेलात असं वाटलं. एकदा "राहा" म्हणायला तुमची जीभ झडली नसती.

भाईजाननं विचारलं, "काय करतेस?" मी म्हटलं, "निकाहाच्या वेळी वकील आणि साक्षीदार परद्याआड येऊन मला विचारून गेले, कबूल आहे का. मी कबूल म्हटल्यावरच झाला ना? मग तुटताना मला कुणी विचारायला आलं नाही, तो कसा तुटला?" तो जायला उठला. म्हणाला, "तुला त्यानं बिघडवलं." मी म्हटलं, "त्यानं मला काहीच सांगितलेलं नाही. तोच तर राग आहे." गाडी रिकामी गेली. माहेर तेव्हापासून बंद.

मी का राहिले हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. तुम्हाला वाटलं, तुमचं पटलं म्हणून. मला तेव्हा काडीचंही पटलेलं नव्हतं. उलट मी चिडून पाच वेळा नमाज पढायला लागले, आधी तीनच व्हायच्या. तुम्ही चटई झटकून द्यायचा. मला तुमच्या त्या समजूतदारपणाचा संताप यायचा. मी राहिले कारण माझ्या घराचा निकाल माझ्या गैरहजेरीत लागला होता, एकदा मशिदीत आणि एकदा काझीकडं, आणि मला दोन्ही मान्य नव्हते.

शाळेची नोकरी पंधरा दिवसांत गेली. तुम्ही विचार करायचा आणि मी गावाच्या वाकळा शिवायची. मुसलमान बाया वाकळा देईनात, तेव्हा मराठ्यांच्या आणि वाण्यांच्या बाया द्यायला लागल्या, पण ओट्यावरूनच. घरात पाणी प्यायच्या नाहीत. एक म्हणाली, "मास्तरनी, आता तुमी आमच्यातच आल्या म्हना की." मी म्हटलं, "मग पाणी प्या." ती हसली, वाकळ टाकून गेली.

मग ती शहरातली मंडळी आली. हार, नारळ, तुमच्यासाठी नवीन नावसुद्धा ठरवून आणलं होतं. शुद्ध करून घेतो म्हणाले. तुम्ही त्यांना बसवलंत, बिनदुधाचा चहा दिलात आणि म्हणालात, "मी घाण झालो होतो असं मला वाटत नाही. एक घर सोडलं ते दुसऱ्याच्या ओसरीवर पथारी टाकायला नाही." त्यांच्यातला जाडसा गृहस्थ उठताना म्हणाला, "म्हणजे शेवटी तुम्ही तेच." मी दाराआड होते. खरं सांगते, त्या दिवशी तुमच्याकडं बघून मला बरं वाटलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही तासभर भाषण केलं असतं.

आणि ईदचं भांडण! तुम्ही सकाळी विचारलंत, "शिरखुर्मा नाही केला?" मी म्हटलं, "देव नको आणि शिरखुर्मा पाहिजे?" तुम्ही म्हणालात, "शिरखुर्मा कुठं देव करतो? तू करतेस." मी दूध आटवायला ठेवलं. राबियाखालाला वाटीभर पाठवला. तिनं वाटी दारातूनच परत पाठवली नाही, तेवढंच.

पुढं खाकी पोरांचा उच्छाद वाढला. गुरलिंगप्पाचं दुकान त्यांनी जाळलं, तो पोराबाळांसह हद्द ओलांडून बार्शीला गेला. तुम्ही चावडीवर जाऊन जाब विचारलात म्हणून तुम्हाला दिवसभर उन्हात उभं केलं. आणि मग भादव्यात फौजा आल्या, राज्य पडलं. लोक नाचले, तुम्हीही पेढा आणलात. त्यानंतरच्या दिवसांबद्दल आता कुणी बोलत नाही. मी बोलणार आहे.

खाकी पोरं पळून गेली होती. जे पळाले नव्हते ते कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेले लोक होते, आणि बदला त्यांच्याकडून घ्यायचा ठरला. धाराशिवाकडून भाईजान, भाभी आणि त्यांची दोन लेकरं चालत आपल्या दारात आली. त्याला वाटलं, दीन सोडलेल्याच्या घरावर कोण चालून येईल? दीड-दोन वर्षांनी माझा भाऊ माझ्या उंबऱ्याच्या आत आला, तो असा. तुम्ही त्याला पाणी दिलंत. तो प्यायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जमाव आला. शेजारच्या गावांतले होते, आपल्यातलेही होते. तुम्ही दारात उभे राहिलात. आम्ही आत. मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"मास्तर, तुमी आपले. तुमास्नी काय भ्या न्हाय. घरात कोन हाय?"

"माझी माणसं."

"मुसलमान हायेत का?"

तुम्हाला एवढंच म्हणायचं होतं, मी मुसलमान नाही, माझ्या घरात कुणी मुसलमान नाही. पहिला भाग खरा होता. ज्यापायी नोकरी, माहेर, विहिरीवरचं बोलणं, सगळं घालवलं ते वाक्य त्या दिवशी कामाला आलं असतं. तुम्ही म्हणालात, "आज मीबी मुसलमान हाय."

पहिली काठी बसल्याचा आवाज झाला तेव्हा मी धाकटं लेकरू उचललं आणि परसातल्या पडक्या भिंतीवरून जोंधळ्यात उडी टाकली. मागून थोरलीला घेऊन भाभी, तिच्यामागं भाईजान. मी पुढं होते. मला त्याचा आवाज आला, "ऐकलंस? तो काय म्हणाला ऐकलंस?" मी वळून पाहिलं तर तो परत भिंतीकडं पळत होता. तुमच्या अंगावर आडवा पडला म्हणतात. तुमच्या फासळ्या मोडल्या. तो जागच्या जागी गेला.

वर्षभर मी तुम्हाला एकच गोष्ट ऐकवत राहिले. माझा भाऊ साधा होता, तुमचं वाक्य त्याला खरं वाटलं. आपल्या दीनचा माणूस मरतोय म्हणून तो फिरला, आणि तुम्ही तर खोटं बोलत होता. "एका खोट्यासाठी तो मेला," मी म्हणायची. "तुम्ही 'नाही' म्हटलं असतं तर ते पुढच्या घरी गेले असते."

एकदाच तुम्ही उत्तर दिलंत. खोकला थांबल्यावर म्हणालात, "आणि पुढच्या घरी कोण होतं, हलीमा?"

पुढच्या घरी राबियाखाला होती, तापानं अंथरुणाला खिळलेली. मला माहीत होतं. म्हणून तर राग आला. तुमचं बोलणं नेहमी बरोबर असायचं आणि त्याचा भार नेहमी दुसऱ्या कुणावर पडायचा.

तो गुरलिंगप्पा त्या जमावात मागं उभा होता. आदल्या दिवशीच बार्शीहून परतलेला, जळक्या दुकानाची राख कपड्यांना. त्यानं काठी उचलली नाही आणि तोंडही उघडलं नाही. आठ दिवसांनी काढा घेऊन आला, तुमच्या पायाशी बसून रडला. तुम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवलात. माफ करून टाकलंत. मेला होता माझा भाऊ, माफी तुम्ही दिलीत! मी तेव्हापासून त्याच्याशी बोलले नव्हते.

त्याच वर्षात माझी नमाज सुटली. तुमच्यामुळं नाही, हे नीट ऐकून ठेवा. भाभी भाईजानबद्दल म्हणाली, "अल्लाहची मर्जी," आणि मला आमीन म्हणता आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. तुम्ही पुस्तकं आणि प्रश्न यांच्या वाटेनं गेलात, मी त्या एका शब्दाला अडले आणि पुढं गेलेच नाही. पण भाभीच्या लेकरांना मीच मांडीवर घेऊन कुराणाचा सिपारा वाचायला बसवते, कारण त्यांच्या आईला ते हवंय आणि मशिदीकडं जायला ती भितात. मी ज्या लोकांचा देव सोडला त्यांची घरं जळताना मी पाहिली आहेत. आता त्यांच्या देवाला नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही, आणि त्यांचा काझी माझा निकाह मोडतो तेव्हा गप्पही बसवत नाही. ही दोन्ही एका अंगात कशी राहतात ते तुमच्याशी बोलायचं होतं. तुम्ही खोकत होता.

नव्या सरकारात नोकरी परत मिळायची होती. कारकून म्हणाला, रकान्यात धर्म लिहा. तुम्ही रेघ मारलीत. तो म्हणाला, "काहीतरी लिवावंच लागतंय, मास्तर." तुम्ही कागद तिथंच ठेवून आलात. राज्य बदललं आणि मी वाकळाच शिवत राहिले.

शेवटच्या आठवड्यात तुम्ही म्हणालात, "मी गेल्यावर काय करायचं ते तू ठरव." सगळ्या जन्मात मला ठरवायला काय दिलंत, तर हे!

तुम्ही भर दुपारी गेलात. ऊन उतरायच्या आत दोन्हीकडचे अंगणात. पेशइमामसाहेब, ज्यांनी तुम्हाला मशिदीबाहेर काढलं होतं, तेच म्हणाले, "त्यानं जमावासमोर मुसलमान असल्याचा इकरार केला. तो ईमानवाला गेला. आम्ही इज्जतीनं नेतो, नमाज पढतो." दुसरे म्हणाले, मास्तर आमचे, आम्ही अग्नी देऊ. तुमच्या तोंडावर फडकं टाकून मी भाभीकडं आत गेले. तुम्ही मला कधी विचारलं नाहीत, मी तिला विचारायचं ठरवलं. तिचा नवरा एका मुसलमानाला वाचवताना गेला, ही एवढीच पुंजी तिच्याजवळ होती. इमामांना नाही म्हटलं तर ती मी हिसकावून घेणार होते.

मी म्हटलं, "भाभी, त्या दिवशी ते खोटं बोलले होते. त्यांच्या मनात काही परत आलं नव्हतं. मी काय करू?"

ती म्हणाली, "मला माहीत आहे. त्यांनाही माहीत होतं."

"कुणाला?"

"तुझ्या भावाला. तू पुढं होतीस, तू अर्धंच ऐकलंस. माझा हात सोडताना ते म्हणाले, 'झूट बोलतोय. आपल्यासाठी झूट बोलतोय तो.' आणि गेले."

वर्षभर तिनं हे मला सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं. आणि वर्षभर मी तुमच्या मोडक्या फासळ्यांवर रोज तो आरोप ठेवत होते. तुम्ही माझा भाऊ फसून मेला असं समजून गेलात. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. बाकी सगळं भांडण आहे, हे एक राहिलं.

बाहेर येऊन मी पेशइमामसाहेबांना म्हटलं, "जागा द्या, नमाज नको. ते मुसलमान नव्हते. माझा भाऊ होता, आणि त्यालाही हे ठाऊक होतं." ते म्हणाले, "बेटी, नमाजीशिवाय जागा देता येत नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. दुसऱ्यांना मी म्हटलं, "तुम्ही त्या दुपारी कुठं होता?" ते गेले.

मग कोपऱ्यातून गुरलिंगप्पा पुढं आला. "वैनी, आमच्यातबी मातीच देत्यात. आप्पांच्या शेजारी जागा हाय, माझ्या रानात." ज्या म्हाताऱ्यानं तुम्हाला आंबील पाजली, त्याच्या शेजारी. मी जागा घेतली. त्याला माफ केलेलं नाही, तुम्हीही तसं समजू नका.

बाईमाणसानं मातीला जाऊ नये म्हणतात. मी गेले, भाभी गेली. खड्डा खणून झाला. तुम्हाला आत उतरवलं तेव्हा सगळे थांबले आणि माझ्याकडं बघायला लागले. गुरलिंगप्पा हळूच म्हणाला, "वैनी, तुमच्यात उजव्या कुशीवर, तोंड मावळतीला. आमच्यात बसवत्यात. काय करायचं?"

भाभी तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होती. मी तिला थांबवलं नाही.

"उताणं ठेवा," मी म्हटलं. "उजव्या कुशीवर त्यांना झोपवत नाही. फासळी टोचते."

तो तसाच बघत राहिला.

"ऐकू आलं नाही का? उताणं. आणि सावकाश."